मापटे लहान, पातेले मोठे

गेल्या उन्हाळ्यात उज्जैनला धाकट्या बहिणीकडे राहण्याचा योग आला. गच्चीवरच्या मोगऱ्याला रोज पहाटे ५ वाजता आपोआप पाणी मिळावे म्हणून भाच्याने तळहाताएवढ्या संगणकावर सी भाषेत आज्ञावली बसविली होती. मंडळी निर्धास्तपणे आठ दिवस लग्नाला जाऊन आली, तो कुंड्यांत चिखल! शेजारीण म्हणाली, पंप दिवसातून चारचार वेळा चालत होता.

“कंपायलरने काही सांगितले नव्हते का रे?” मी विचारले. भाचा ओशाळला. “इशारा आला होता, मावशी. पण आज्ञावली चालत होती ना!”

दिवसाचे सेकंद म्हणून त्याने २४ गुणिले ६० गुणिले ६० असे लिहिले होते. उत्तर ८६,४००. पण त्या चिमुकल्या संगणकाचा साधा पूर्णांक सोळा बिटांचा. त्यात ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. ६५,५३६ गळून गेले आणि २०,८६४ उरले, म्हणजे ५ तास ४७ मिनिटे ४४ सेकंद. नवल असे, की हा २०,८६४ चा आकडा इशाऱ्याच्या ओळीतच छापलेला होता!

“पण उत्तरासाठी मी मोठा ‘लाँग’ पूर्णांक घेतला होता,” भाचा म्हणाला. इथेच बहुतेकांची फसगत होते. पातेले मोठे असून काय उपयोग, दूध मापट्यातच उतू गेले तर? गुणाकार आधी होतो, तोही लहान मापाने. उत्तर पातेल्यात पडते ते नंतर. त्याने साऱ्या गुणाकाराला बाहेरून कंस घालून ‘लाँग’ लावून पाहिले. इशारा तसाच. मग पहिल्या २४ लाच ‘एल’ हे अक्षर जोडले, तेव्हा कुठे गुणाकार मोठ्या मापाने झाला.

कित्येक जण इशारेच बंद करून टाकतात. त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. शिवाय तास जर बाहेरच्या बटणावरून येणार असतील, तर कंपायलरला ते आधी दिसत नाहीत. ९ तासांपर्यंत सारे सुरळीत, दहाव्याला घोटाळा, आणि इशारा नाही. तिथे आकडा गुणण्यापूर्वीच तपासावा. ओसंडल्यावर तपासण्यात अर्थ नाही, कारण ओसंडल्यानंतर काय घडेल याची सी भाषा हमीच देत नाही.

४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपीय रॉकेट उड्डाणानंतर मिनिटाच्या आत नष्ट झाले. भाषा निराळी होती, पण तिथेही एक मोठा आकडा सोळा बिटांत मावला नव्हता.

आमच्या तीन कुंड्यांपैकी दोन वाचल्या.