सुट्टीतली लेथ
दहावीची परीक्षा संपली की खान्देशातली बरीच पोरे सुट्टीपुरते काम शोधू लागतात. जळगावात अजिंठा रस्त्यावरची एमआयडीसी आणि धुळ्यालगतची अवधान वसाहत ही त्यांची जवळची ठिकाणे. पाइप, ठिबक, चटई, डाळमिल अशा कारखान्यांच्या यंत्रांचे सुटे भाग वर्कशॉपातल्या लेथवर घडतात, दुरुस्त होतात. ओळखीच्या मेस्त्रीकडे गेलेल्या पोराच्या हाती आधी झाडू येतो, मग मापाचा व्हर्निअर. लेथ सर्वांत शेवटी, आणि हा क्रम बरोबरच आहे. लेथवर भाग पकडून फिरणाऱ्या चकजवळ हातमोजे चालत नाहीत, सैल बाही चालत नाही, बुरा बोटांनी नव्हे तर आकड्याने ओढायचा. चावी चकमध्येच विसरली, तर मशीन सुरू होताच ती गोळीसारखी सुटते. वयाचीही अट आहे. 1986 च्या बालकामगार कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनुसार 14 वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामावर ठेवता येत नाही. 14 ते 18 वयाच्या मुलांना धोकादायक कामे बंद आहेत. लेथचा नाद खरा असेल, तर दोन महिन्यांच्या रोजंदारीपेक्षा आयटीआयचा टर्नर किंवा मशिनिस्ट ट्रेड बरा. पुढे 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतन घेत कारखान्यातच शिकता येते. आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर सुरू होतात.