नळ दारी आला, पुढे काय?

ग्रामीण पाणीपुरवठ्याची चर्चा आपल्याकडे विहीर, टाकी आणि नळ या तीन शब्दांत आटोपते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा देशातील सुमारे सव्वातीन कोटी ग्रामीण घरांतच नळ होता. सरकारी आकड्यांनुसार आज ही संख्या १५ कोटींच्या वर गेली आहे. ही प्रगती लहान नव्हे. तथापि नळजोडण्यांची संख्या वाढली म्हणजे गावातील जुलाब, कावीळ आणि विषमज्वर त्या प्रमाणात हटले, असा हिशेब मांडणे धाडसाचे ठरेल.

याचे कारण नळाच्या अलीकडे आणि पलीकडेही आहे. अनेक गावांत पाणी दिवसाआड येते आणि तेही तास-दीड तास. नळाला पाणी नसते त्या वेळी जलवाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि फुटक्या जोडातून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणूनच शेवटच्या नळावरही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असा दंडक आहे. त्यासाठी टाकीत टी.सी.एल. पावडर टाकणारा आणि ओ.टी. चाचणी घेणारा जलसुरक्षक गावात असतो. पण त्याचे मानधन आणि पंपाचे वीजबिल ही ग्रामपंचायतीच्या खर्चातील नेहमीची दुखणी आहेत.

पाणी घरात आल्यावर दुसरा धोका सुरू होतो. नळ रोज येत नाही म्हणून पाणी साठवावे लागते. रांजणात तांब्या बुडतो, त्याबरोबर बोटेही बुडतात आणि टाकीत शुद्ध केलेले पाणी माजघरात पुन्हा दूषित होते. लांब दांड्याचे ओगराळे आणि रांजणावर घट्ट झाकण, एवढ्या स्वस्त उपायांनी हा धोका बराच टळतो. नळजोडणीच्या आकडेवारीत मात्र ओगराळ्याला रकाना नाही.

शौचालयांची गोष्ट याहून निराळी नाही. २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत मोहिमेत घरोघरी शौचालये बांधली गेली आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त घोषित झाला. परंतु बांधलेले शौचालय आणि वापरातील शौचालय यांत अंतर असते. उन्हाळ्यात ज्या घरची बाई दूरवरून डोक्यावर हंडा आणते, तिला प्रत्येक वेळी शौचालयात ओतावे लागणारे दोन-तीन लिटर पाणी परवडत नाही. खड्डा लवकर भरेल, ही भीती वेगळीच. वस्तुतः दोन शोषखड्ड्यांच्या पद्धतीत एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा असतो. बंद खड्ड्यातील मैल्याचे वर्ष-दीड वर्षात निरुपद्रवी खत होते. ही साधी गोष्ट समजावून न सांगितल्याने लोक मोठ्या टाक्या बांधतात. त्या उपसण्याचे काम अखेर कोणाच्या वाट्याला येते, हे १९९३ आणि २०१३ चे प्रतिबंधक कायदे होऊनही समाजाला ठाऊक आहे.

अशा वेळी ‘खेड्यातील माणूस अज्ञानी’ हा शहरी निष्कर्ष सोयीचा असला, तरी न्याय्य नाही. सवय उपदेशाने लागते, पण ती टिकते सोयीने. शाळेत जेवणापूर्वी हात धुण्याचा धडा शिकवायचा आणि शाळेच्या नळाला मात्र पाणी नसायचे, यातून मूल जो धडा घेते तो पुस्तकातला नसतो.

गाडगेबाबांनी हे जाणले होते. ते दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. कृती आधी, उपदेश मागाहून. त्यांच्या नावाने २००० साली महाराष्ट्रात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा लोकांनी श्रमदानाने गावे लखलखीत केली. मात्र स्पर्धा संपल्यावर अनेक ठिकाणी खराटेही कोपऱ्यात गेले. बक्षिसाने उत्साह निर्माण होतो. व्यवस्था निर्माण होतेच असे नाही.

ती व्यवस्था गावालाच उभारावी लागेल. पाणीपट्टीची वसुली, जलसुरक्षकाचे वेळेवर मानधन आणि पाणी तपासणीच्या निकालाचे ग्रामसभेत वाचन हे विषय उद्घाटनाइतके आकर्षक नाहीत. परंतु दारी आलेल्या नळाचे पाणी लहान मुलाच्या पोटात निर्धोक पोहोचते की नाही, याचा निर्णय याच रूक्ष कामांवर अवलंबून आहे.