शिमग्यातले रान



पंचांगातला वसंत चैत्रात सुरू होतो. आमच्या पोफळीकडचा वसंत मात्र पाडव्यापर्यंत थांबत नाही. माघ सरता सरता सावर फुलते आणि शिमग्याच्या पालख्या बाहेर पडेपर्यंत पळस, पांगारा, आंबा, काजू यांची रानात एकच गर्दी उडालेली असते.

गेल्या शिमग्याला कराडकडचे एक पाहुणे घरी आले होते. कुंभार्ली घाट उतरून आलेले. अंगणात उभे राहून समोरच्या डोंगराकडे बघत म्हणाले, "कोकण हिरवंगार म्हणतात, आणि इथं तर सगळं वाळून कोळ झालंय की!" त्यांचेही खरेच होते. गवत पिवळे पडलेले, झाडे उघडी, कातळ तापलेला. मी त्यांना चहा होईपर्यंत घरामागच्या सावरीखाली नेले.

झाडावर औषधालासुद्धा पान नव्हते. पण फांदीफांदीवर मुठीएवढी लाल फुले, आणि त्यांवर साळुंक्या, बुलबुल, कावळे यांची पंगत बसलेली. सावरीचे फूल जाड पाकळ्यांचे, वाटीसारखे, आणि तळाशी गोड रस. पक्ष्याने चोच बुडवली की त्याच्या कपाळाला पराग लागतो आणि तोच पराग पुढच्या फुलाला जातो. पाने नसल्यामुळे ही खानावळ दुरून दिसते. पाहुणे बराच वेळ मान वर करून बघत राहिले आणि मग अगदी शेतकऱ्याचा प्रश्न विचारला, "पण ह्याला पाणी कोण घालतं?"

पोफळीत हा प्रश्न ऐकायला मजा वाटते. इथे 1962 सालापासून डोंगराच्या पोटातल्या वीजघरात कोयनेचे पाणी वरून खाली सोडून वीज काढतात. त्यासाठी धरण बांधावे लागले, बोगदे खणावे लागले, हजारो माणसे राबली. सावर पाणी खालून वर चढवते, आणि तेही मोटार न लावता. त्यात युक्ती आहे ती पानगळीची. झाडाचे पाणी सगळ्यात जास्त खर्च होते ते पानांतून. घरातला कमावता मुलगाच उधळा असावा तसे पानाचे आहे. पाऊस संपून जमीन आटू लागली की झाड पाने गाळून तो खर्च बंद करते आणि मुळांतली, खोडातली शिल्लक फुलांसाठी वापरते. आपण ज्याला वाळलेले म्हणतो ते झाड त्या वेळी वर्षातले सगळ्यात मोठे काम करत असते.

आणि हे काम आत्ताच का? आपण शेतकरी मृगापासून मागे दिवस मोजतो. राब कधी भाजायचा, बियाणे कधी आणायचे, सारे 7 जूनवरून ठरते. रानाचा हिशेबही तोच आहे. सावरीची बोंडे उन्हाळ्याच्या ऐन मध्यावर तडकतात आणि कापसाला चिकटून बी वाऱ्यावर निघते. पळसाची शेंग चपटी, तिच्या टोकाला एकच बी. तीही वाऱ्यावर गिरक्या घेत जाते. करवंदे, जांभळे वैशाखाच्या सुमारास पिकू लागतात आणि पाखरांच्या पोटातून रानभर पेरली जातात. कोशिंबीची तांबडीलाल पालवी फुटते तीही पावसाच्या आधी. कोवळ्या पानाला ऊन सोसत नाही, म्हणून हिरवेपणा भरेपर्यंत त्याच्या अंगावर हा लाल रंग छत्रीसारखा असतो, असे जाणकार सांगतात. पहिल्या सरीला बी जमिनीवर हजर आणि पान कामाला तयार. देवाची करणी आणि नारळात पाणी असे आपण म्हणतो खरे, पण नारळच कशाला, परसातला काजू बघा. खरे फळ म्हणजे ती बी. ती आधी पूर्ण वाढते आणि मग तिचा देठ फुगून बोंड होते. पोर्तुगीजांनी चारशे वर्षांहून आधी आणलेले हे परदेशी झाड, पण पावसाच्या आत आटपायचे हे त्यालाही इथे येऊन जमले.

आता माझी एक चूक सांगतो. नोकरीतली सुरुवातीची वर्षे होती. बी.एस्सी. ॲग्रिकल्चरची पदवी नवी, त्यामुळे बोलण्यात जोर जरा जास्तच होता. खालच्या वाडीतल्या एका बागायतदारांच्या हापूसला त्या वर्षी दृष्ट लागावी असा मोहोर आला आणि पाठोपाठ तुडतुडे आले. मोहोर चिकट होऊन काळा पडेल या भीतीने मी ऐन फुलोऱ्यात, सकाळी दहाच्या उन्हात, जालीम औषधाची फवारणी करायला लावली. तुडतुडे गेले. मी खूश होऊन पुढच्या गावी गेलो. पंधरा दिवसांनी परत आलो तर ते म्हातारे गृहस्थ झाडाखाली उभे. मला एका शब्दाने बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "सायब, मोहोर राहिला, पण माशा कुठं गेल्या?"

आंब्याच्या एका तुऱ्यावर हजारावर बारीक फुले असतात. त्यांतली बहुतेक नर. फळ धरणारी, दोन्ही अंगे असलेली फुले हापूसमध्ये थोडीच. त्या थोड्यांपर्यंत पराग पोचवण्याचे काम वारा फारसे करत नाही. ते करतात माशा, मधमाश्या आणि इतर किडे. ज्या घोंघावणाऱ्या माशीला आपण हाताने हाकलतो ती आंब्याच्या घरची मोठी मजूर आहे, आणि तिला मी मजुरीवर असतानाच मारले होते. त्या वर्षी त्या बागेत तुरे उभे राहिले, काड्यांसारखे. कशीबशी एक गाडी भरली. म्हाताऱ्यांनी मुलीचे लग्न पुढच्या वर्षावर ढकलल्याचे मला दुसऱ्यांकडून कळले.

तेव्हापासून मी सांगत आलो आहे. तुडतुडे, भुरी यांचा बंदोबस्त बोंगे फुटताना, फूल उमलायच्या आधी करा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे वेळापत्रक आहे, ते पाळा. फुले उमललेली असताना कीटकनाशक टाळा. अगदीच इलाज नसेल तर जाणकाराला विचारून, माशा परतल्यावर संध्याकाळी फवारा. शेजारच्याने पंप लावला म्हणून आपणही लावायचा, हे नको.

माशीचे पटते लोकांना, कारण तिचा हिशेब पेटीत दिसतो. वणव्याचे पटवणे अवघड जाते. यंदा फाल्गुनात घाटाच्या अंगाला एका आजींची काजूची बाग जळाली. चाळीस कलमे, चौथे वर्ष, पहिलीच बोंडे लागलेली. आग कोणी लावली ते कळले नाही. कोणी राब भाजताना सुटली म्हणाले, कोणी विडीचे थोटूक म्हणाले. एकजण तर माझ्या तोंडावर म्हणाला, "रान जाळलं की गवत चांगलं येतं." गवत येते, कारण त्याची मुळे जमिनीत सुखरूप असतात. जळते ते वरचे: पाचोळा, नुकते पडलेले बी, बोटभर रोपे, जमिनीवरच्या पाखरांची अंडी. म्हणजे मृगासाठी झाडांनी चार महिने राबून केलेली सगळी तयारी. आणि मग उघड्या डोंगरावर आमचा तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस पडतो. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी भरले. त्या पुराला कारणे अनेक होती, पण नंतर वाशिष्ठीतून जो गाळ उपसावा लागला ती कुठल्या ना कुठल्या डोंगराची मातीच होती.

बागेभोवती दहा फुटांचा पट्टा गवत कापून, पाचोळा ओढून साफ ठेवणे, यालाच जाळरेषा म्हणतात. ती मार्गशीर्ष-पौषात काढायची असते, शिमग्यात नव्हे. एकट्याने काढली तर चार दिवसांचे काम, वाडीने मिळून काढली तर एका सकाळचे. राब भाजायचा तो वारा पडलेला असताना, चार माणसे आणि पाण्याची कळशी जवळ ठेवून. आजींच्या बागेला जाळरेषा नव्हती. घरात त्या एकट्या, मुलगा मुंबईला. मजूर कोण आणणार? वाडीत कोणाच्या ते लक्षात आले नाही, आणि माझ्याही आले नाही. गेल्या पौषात मी त्याच वाटेने दोनदा गेलो होतो.

पंचनाम्याच्या दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. जळक्या उताराच्या वरच्या कडेला एक जुना बेहडा उभा आहे. आग त्याच्या बुंध्यापर्यंत येऊन थांबली होती. आजी म्हणाल्या, "ते बघा, अजून येतोय." धनेश होता. या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. अंडी उबवून पिले जरा मोठी होईपर्यंत ती आत, आणि नर उंबराची, वडाची फळे आणून फटीतून भरवतो. धुरात हा एक दिवस दिसला नव्हता, असे आजी म्हणाल्या. आता परत सुरू झाला होता. आम्ही उभे होतो तेवढ्यात तो तीनदा आला. दरवेळी खोडाला बिलगायचा, गळ्यातले एकेक फळ वर काढायचा आणि आत द्यायचा.

आजींच्या चाळीस कलमांपैकी अकरांना बुंध्यापासून पालवी फुटली आहे. जोडाच्या वरची किती आणि खालची किती, ते अजून बघायचे आहे. जोडाखालचे फुटवे काढावे लागतील. उरलेल्यांच्या जागी मृगात नवी कलमे लावायची, आणि येत्या पौषातला पहिला रविवार वाडीने जाळरेषेसाठी धरला आहे. कोयते आपापले आणायचे. चहा आजींकडे.