रोजच्या लिखाणासाठी एक लहानसे शाईपेन





जून महिन्यात शाळा सुरू झाली की पालक सभेत एक प्रश्न हमखास विचारला जातो. मुलांच्या हातात शाईपेन द्यायचे की नाही? काही पालकांचे म्हणणे असे की शाई गळते, गणवेश खराब होतो, दप्तर निळे होते आणि धुण्याचे काम घरच्या माऊलीच्या अंगावर पडते. काहींना वाटते की बॉलपेन आणि जेलपेन दहा रुपयांत मिळत असताना हा जुन्या पिढीचा हट्ट कशाला? विश्वस्त मंडळातही या विषयावर दोन मते आहेत. म्हणून या अंकात आम्ही आमचे मत स्पष्टपणे मांडत आहोत.

आमचे मत थोडक्यात असे आहे. सहावीपासून पुढच्या विद्यार्थ्यांनी रोजच्या लिखाणासाठी एक लहान, स्वस्त आणि पुन्हा पुन्हा भरता येणारे शाईपेन वापरावे. महागडे पेन मात्र कोणीही शाळेत आणू नये. शाईपेन ही कपाटात ठेवण्याची किंवा मिरवण्याची वस्तू नाही. ते रोज वापरून झिजवायचे अवजार आहे. लूमवर काम करणाऱ्याला त्याचा संचा आणि हिऱ्याच्या कारागिराला त्याची घंटी जशी, तसे विद्यार्थ्याला पेन.

या बाबतीत जपानकडून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तिथे पेन बनवणाऱ्या तीन मोठ्या कंपन्या आहेत आणि तिन्ही शंभर वर्षांपेक्षा जुन्या आहेत. सेलर १९११ साली, पायलट १९१८ साली आणि प्लॅटिनम १९१९ साली सुरू झाली. पायलटचे संस्थापक र्‍योसुके नामिकी हे पूर्वी जहाजविद्येच्या शाळेत शिक्षक होते. सेलर म्हणजे खलाशी आणि पायलट म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवणारा. तापीच्या मुखाशी सुवाळीला एकेकाळी देशोदेशीची जहाजे लागत असत, त्या सुरतेच्या मुलांना ही नावे परकी वाटू नयेत.

या कंपन्या सोन्याच्या निबेची, लाखेच्या नक्षीची, हजारो रुपयांची पेनेही बनवतात. पण आम्हाला कौतुक आहे ते दुसऱ्या गोष्टीचे. शाळकरी मुलांसाठी आणि साध्या नोकरदारांसाठी स्वस्त पेन बनवतानाही त्यांनी हात आखडता घेतलेला नाही. प्लॅटिनमचे ‘प्रेप्पी’ २००७ साली बाजारात आले, तेव्हा जपानमध्ये त्याची किंमत सुमारे २०० येन होती. पारदर्शक प्लास्टिकचे साधे पेन, पण त्याच्या टोपणात स्प्रिंग लावलेले आणखी एक आतले टोपण असते. ते निबेवर घट्ट बसते, त्यामुळे पेन कित्येक महिने पडून राहिले तरी शाई वाळत नाही. पायलटने २०१३ साली ‘काकुनो’ नावाचे पेन खास पहिल्यांदा शाईपेन धरणाऱ्या मुलांसाठी काढले. त्याच्या निबेवर एक हसरा चेहरा कोरलेला आहे. चेहरा आपल्याकडे पाहत असेल तर पेन बरोबर धरले आहे, हे मुलाला न सांगता कळते. शिक्षकाचे अर्धे काम निबेनेच केले! पायलटचेच ‘पेटिट-वन’ तर तळहातात मावते. १९६० च्या दशकात तिथे शर्टाच्या खिशासाठी आखूड पेनेही निघाली. बंद असताना ती छोटीशी दिसतात आणि टोपण मागे लावले की पूर्ण लांबीची होतात. कंपासपेटीत किंवा खिशात सहज मावेल आणि लहान हाताला जड होणार नाही, असे पेन मुलांना हवे असते.

जपानी निब युरोपातल्या निबेपेक्षा बारीक असते. युरोपात ज्याला बारीक म्हणतात ते जपानमध्ये मध्यम ठरते. याला कारण त्यांची लिपी. चिनी वळणाच्या एका अक्षरात दहा-पंधरा आणि कधी वीस रेषासुद्धा येतात. जाड निबेने ते लिहायला घेतले तर अक्षराचा नुसता ठिपका होईल. जपानी मुलाला प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत अशी १०२६ अक्षरे शिकावी लागतात. आपल्या मुलांना बाराखडी आणि जोडाक्षरे अवघड वाटतात तेव्हा हा आकडा त्यांना जरूर सांगावा.

बारीक निब आपल्या देवनागरीलाही तितकीच मानवते. वर शिरोरेखा, तिच्यावर वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे. एवढा संसार वहीच्या दोन रेघांमध्ये बसवायचा असतो. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. लिपी एकच असल्यामुळे मराठी शाळेत काही अडणार नाही असे वाटे. पण मराठीचा ‘ळ’ हिंदीच्या वहीत नव्हता. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला पापणीसारखा अर्धा ‘र’ही तिथे नव्हता. मराठी ‘ल’ची पाकळी आणि ‘श’ची गाठ वेगळ्या वळणाची. ही वळणे हाताला नव्याने शिकवावी लागली. आमच्या वर्गांतली मुले घरी मराठी किंवा अहिराणी बोलतात, रस्त्यावर गुजराती वाचतात आणि मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी लिहितात. मग मराठी अक्षर हाताला वळण म्हणून कुठे मिळणार? फक्त वहीत. ती वही नीट लिहिली गेली नाही तर मुले मराठी बोलतील, पण त्यांना ती लिहिता येणार नाही. खानदेशातून तापीच्या काठाकाठाने इथे आलेल्या आपल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या जपलेली भाषा अशी अर्धी राहावी हे आम्हाला मान्य नाही. म्हणून हा पेनाचा विषय आम्हाला लहान वाटत नाही.

शाईपेन हाती घेतले की अक्षर आपोआप सुंदर होते, असा दावा आम्ही करत नाही. अक्षर सरावानेच सुधारते आणि कित्ता गिरवण्याला पर्याय नाही. पण बॉलपेन आणि शाईपेन यांच्या कामात एक मूलभूत फरक आहे. बॉलपेनची शाई घट्ट असते आणि टोकाची गोळी फिरावी म्हणून कागदावर दाब द्यावा लागतो. मागच्या पानावर उमटलेले वळ पाहा, म्हणजे मूल किती जोर लावते ते कळेल. शाईपेनची शाई पाण्यासारखी पातळ असते. निबेमधल्या चिरेतून आणि निबेखालच्या खाचांच्या पट्टीतून ती आपोआप टोकापर्यंत येते आणि कागदाला स्पर्श होताच उतरते. दाब देण्याची गरजच नसते. उलट दाबले तर निब फाकते आणि पेन तक्रार करते. तीन तासांचा बोर्डाचा पेपर लिहिणाऱ्या मुलाने हात सैल ठेवायला शिकणे ही छोटी गोष्ट नव्हे.

आता खर्चाचे बोलू, कारण आपले बहुतेक पालक मेहनत करून संसार चालवणारे आहेत. जपानी पेन घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. पायलट आणि प्लॅटिनम यांची शाईची नळी, म्हणजे कार्ट्रिज, आपापल्याच पेनाला बसते. दर वेळी नवी नळी विकत घेतली तर पेन स्वस्त आणि शाई महाग असा प्रकार होतो. त्यावर सोपा उपाय आहे. रिकामी नळी धुऊन ड्रॉपरने किंवा बोथट सुईच्या पिचकारीने पुन्हा भरावी. हे काम मोठ्या माणसाने करावे. प्लॅटिनमच्या नळीत सुमारे सव्वा मिलिलिटर शाई मावते. म्हणजे ६० मिलिलिटरच्या एका बाटलीत ती जवळजवळ पन्नास वेळा भरता येते. एक नळी आठवडाभर पुरली तर एक बाटली शाळेचे वर्ष पार पाडते. आपल्याकडची साधी निळी शाई लोच्याच्या एखाद-दुसऱ्या प्लेटच्या पैशांत मिळते. वर्षभरात कचऱ्यात गेलेल्या जेलपेनांचा हिशेब पालकांनी स्वतः करून पाहावा.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या वह्यांचा कागद पातळ असतो. जाड निब जास्त शाई सोडते आणि ती मागच्या पानावर फुटते. बारीक निबेने हा त्रास पुष्कळ कमी होतो. म्हणून निबेवर ‘एफ’ म्हणजे बारीक, अशी खूण पाहून पेन घ्यावे.

काही पालक विचारतील, मग स्वदेशीचे काय? प्रश्न योग्य आहे. जपानीच पेन घ्यावे असा आमचा आग्रह मुळीच नाही. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी तयार केलेले स्वदेशी पेन गांधीजींनी वापरले आणि १९३५ साली वर्ध्याहून पत्र पाठवून ते पसंत असल्याचे कळवले होते. शाईच्या बाबतीत तर मराठी माणसाने नाव काढले आहे. दिगंबर आणि गोविंद या दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या बनवायला सुरुवात केली. त्यांतून कॅमलिन उभी राहिली आणि देशभरातील मुलांच्या दप्तरात पोहोचली. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने कॅमलिनमधला निम्म्याहून अधिक हिस्सा घेतला. कोकुयोची सुरुवात १९०५ साली ओसाका शहरात हिशेबाच्या वह्यांची पुठ्ठे बनवण्याने झाली होती. दिवाळीला चोपडापूजन करणाऱ्या आपल्या सुरतेला हे ऐकून गंमत वाटेल. तेव्हा देशी की जपानी हा वाद घालण्यापेक्षा पेन चांगले लिहिते का, पुन्हा भरता येते का आणि खिशाला परवडते का, एवढे पाहावे. आमच्या देशी कारखानदारांनी मात्र जपानकडून एक धडा घ्यावा. स्वस्त पेनाचे टोपणही घट्ट बसायला हवे आणि स्वस्त निबही तपासूनच बाहेर पडायला हवी.

आक्षेपांचीही दखल घेतली पाहिजे. शाई गळते, हे काही वेळा खरे आहे. ज्या पेनाच्या पोटातच सरळ शाई भरतात त्यात शाई कमी झाली की हवा जास्त होते. सुरतेच्या उन्हाने किंवा हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईचा थेंब बाहेर ढकलते. म्हणून असे पेन अर्धे रिकामे होण्याआधीच भरावे. नळीच्या पेनाला हा त्रास कमी होतो. दुसरे म्हणजे डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलांचा हात ओल्या शाईवरून जातो आणि अक्षर पुसटते. अशा मुलांना बारीक निब देऊन पाहावे. तरीही जमले नाही तर त्यांनी खुशाल बॉलपेन वापरावे, कोणी त्यांना टोकू नये. तिसरे, साध्या निळ्या शाईवर पाणी पडले तर अक्षर वाहून जाते. पावसाळ्यात वह्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात आणि महत्त्वाचे अर्ज बॉलपेनने भरावेत. शाळेत सक्ती कशाचीच नसेल.

आता विश्वस्त मंडळाला आमची नम्र विनंती. वार्षिक स्नेहसंमेलनात आणि बक्षीस समारंभात आपण प्लास्टिकचे चषक, स्मृतिचिन्हे आणि पुष्पगुच्छ यांवर दरवर्षी खर्च करतो. गुच्छ दुसऱ्या दिवशी सुकतो आणि चषकावर धूळ बसते. त्याऐवजी विजेत्याला एक साधे शाईपेन आणि एक शाईची बाटली द्यावी. सहावीच्या प्रत्येक वर्गात शाईची एक बाटली, एक ड्रॉपर आणि पुसायला जुने सुती फडके ठेवावे, म्हणजे ज्याच्या घरी शाई नाही त्याचेही पेन भरले जाईल. पेनाच्या किमतीवर शाळेने मर्यादा घालावी, म्हणजे श्रीमंताच्या मुलाचे पेन पाहून दुसऱ्याच्या मुलाला कमीपणा वाटणार नाही. आणि शिक्षकांनीही फळ्याखेरीजचे आपले लिखाण शाईपेनने करावे. मुले सांगण्यापेक्षा पाहून शिकतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही राहता ते सुरत कवी नर्मद यांचे गाव आहे. त्यांनी १८५८ साली मुंबईतील शिक्षकाची नोकरी सोडली आणि लेखणीच्याच आसऱ्याने जगायचे ठरवले. पुढे १८७३ साली त्यांनी गुजरातीचा शब्दकोश छापून पूर्ण केला. त्यांच्या हाती ना प्रेप्पी होते ना काकुनो. तुम्हाला तर त्यापेक्षा कितीतरी सोयीचे साधन थोड्या पैशांत मिळते आहे. पेन आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने धुवा. टोपण न विसरता लावा. मित्राची शाई संपली तर आपल्यातली द्या. आणि रोज एक पान मराठीत लिहा, मग ते आजीला लिहिलेले पत्र असो किंवा दिवसभरातली गंमत. पुढच्या अंकासाठी असे एक पान आमच्याकडे जरूर पाठवा. जसे लिहाल तसेच, तुमच्याच अक्षरात छापण्याचा आमचा विचार आहे.



— मुख्याध्यापक