पडदा वर गेल्यावर

नाटकाला कसं बसावं हा विषय निघाला की बोलणं मोबाईलवर येतं आणि तिथेच संपतं. तक्रार खरीच आहे. २०१९ मध्ये सुमीत राघवन यांनी नाशिकच्या कालिदास कलामंदिरात ‘नॉक नॉक सेलिब्रिटी’चा प्रयोग फोन वाजल्यामुळे मध्येच थांबवला. त्याच वर्षी सुबोध भावे यांनी, फोन असेच वाजत राहणार असतील तर आपण नाटकात काम न केलेलंच बरं, असं जाहीरपणे लिहिलं. विक्रम गोखल्यांनीही भर प्रयोगात थांबून प्रेक्षकांना सुनावलं होतं. न्यूयॉर्कला तर २०१५ साली एक तरुण नाटक सुरू व्हायच्या आधी थेट रंगमंचावर चढला आणि नेपथ्यातल्या खोट्या प्लगमध्ये फोन चार्जिंगला लावू लागला. तेव्हा हे दुखणं एकट्या मराठी प्रेक्षकाचं नाही.

आमच्या महाड-पोलादपूरकडचं दुखणं मात्र थोडं वेगळं आहे. गावोगावच्या हौशी नाटकांना मी प्रॉम्प्टिंगला विंगेत उभा असतो. तिथून नट पाठमोरा दिसतो आणि पुढचे प्रेक्षक समोरासमोर दिसतात. इतकी नाटकं तिथून पाहिल्यावर माझं मत ठाम झालं आहे. आमच्याकडे नाटक मोडतं ते मागे शेंगा फोडत बसलेल्या पोरांमुळे नाही. ते मोडतं पहिल्या रांगेमुळे आणि आपल्याच मंडळाच्या माईकमुळे.

पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत शिमग्यानंतर नाटक होतं. कौटुंबिक, तीन अंकी. दुसऱ्या अंकात मुलगा जमिनीचे कागद पुढे करतो आणि म्हातारा बाप सही करत नाही. बापाचं काम करणारा गडी दिवसा विक्रम रिक्षा चालवतो. त्याने कागद बघितले, काही न बोलता उठला, मुलाकडे पाठ केली आणि खुंटीवरचा सदरा काढायला हात वर केला. संहितेत तिथे नुसते तीन ठिपके आहेत. त्या तीन ठिपक्यांत अख्खं अंगण गप्प झालं. माझ्या समोरच्या चटईवर एक आजी बसली होती, तिचा पदराचा हात तोंडापर्यंत गेला होता आणि तिथेच राहिला होता. एवढ्यात पलीकडच्या विंगेतून माईक खरखरला. आपल्या वाडीचे सुपुत्र अमुक तमुक, सध्या मुक्काम मुंबई, यांच्याकडून बापाची भूमिका करणाऱ्या कलाकाराला पाचशे एक रुपये, जोरदार टाळ्या. टाळ्या पडल्या. नट सदरा हातात धरून पुढे आला, पाकीट घेतलं, नमस्कार केला, मागे जाऊन पुन्हा पाठ करून उभा राहिला. पुढचं वाक्य त्याने बरोबर म्हटलं. पण आजीचा हात खाली आला होता आणि ती शेजारणीला विचारत होती, किती दिले म्हणून.

पैसे देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. वाडीतल्या पोराचं काम आवडलं, हात खिशात गेला. हे दातृत्व आपल्या मातीतलं आहे आणि त्याच्यावरच आपली नाटकं उभी राहतात. ड्रेपरीवाला, मेकअपवाला, लाईटवाला, मुंबईहून बोलावलेल्या स्त्री कलाकारांचं मानधन आणि जाण्यायेण्याचं भाडं, हे सगळं वर्गणीतून आणि बक्षिसांतूनच निघतं. मला बक्षीस बंद करायचं नाही. ते कधी जाहीर करायचं एवढंच माझं म्हणणं आहे. अंक पडला की जाहीर करा, दोन अंकांच्या मध्ये वाचा, फलकावर लिहा. चालू प्रसंगात ते जाहीर केलं की ज्या कामासाठी बक्षीस दिलं तेच काम आपण बक्षिसाने मारतो.

आता सत्काराबद्दल. पत्रिकेवर नाटकाची वेळ असते रात्री नऊ. नऊला श्रीफळ वाढवायचं असतं, पण साहेब यायचे असतात. साहेब साडेदहाला येतात. मग स्थानिक मंडळ, मुंबई मंडळ, महिला मंडळ, देणगीदार, माजी अध्यक्ष, आजी अध्यक्ष अशा शाली आणि नारळ सुरू होतात. पूर्वी हे खपून जायचं, कारण नाटक कोंबडं आरवेपर्यंत चालायचं. आज तसं नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद आहे. उत्सवांसाठी राज्य सरकारला बारापर्यंत सूट देता येते, तीही वर्षातून पंधरा दिवसांपेक्षा जास्त नाही. सत्काराचे दोन तास नाटकाच्याच वेळेतून जातात. बाराच्या सुमारास पोलीसपाटील घड्याळ दाखवायला लागतो, तिसरा अंक अर्धा कापला जातो आणि चार महिने रात्री जागून तालीम केलेल्या पोरांना शेवटची वाक्यं पळत पळत म्हणावी लागतात. विंगेत उभं राहून संहितेची पानं दोन-दोन करून उलटताना माझा जीव तुटतो. ती पानं मी त्यांच्याकडून घोटून घेतलेली असतात.

साहेब प्रयोग सुरू झाल्यावर आले तर आणखी वाईट. बायका संध्याकाळी सातपासून चटया टाकून जागा धरतात, पोरांना भरवून आणतात. त्यांच्या पुढ्यात ऐन वेळी सोफा आणून मांडला जातो, टीपॉय येतो, त्याच्यावर पाण्याच्या बाटल्या. पुढारी बसतात, मागच्या बायका माना वाकड्या करतात. वीस मिनिटांनी पुढारी उठतात, कारण त्यांना आणखी दोन गावच्या पूजा करायच्या असतात. त्यांच्याबरोबर त्यांची माणसं उठतात, त्यांना सोडायला मंडळ उठतं. नट तोवर संवाद म्हणत असतो. कुणाला म्हणत असतो? सोफ्याच्या पाठीला.

म्हणून मला आमच्या प्रेक्षकाला असंस्कृत म्हणणाऱ्यांचा राग येतो. आमचा प्रेक्षक फार शिकलेला आहे. तो नमनाला बसतो तेव्हा गौळणीच्या मावशीला तोंडावर उत्तर देतो, पेंद्याची फिरकी घेतो, काळ्या वेशातला संकासुर अंगावर आला की पोरं किंचाळत मागे पळतात. ते तिथे हवंच असतं. प्रेक्षक गप्प बसले तर नमन पडतं. शक्ती-तुऱ्याच्या बारीत सवाल पडला की निम्मा मांडव एका बाजूला आणि निम्मा दुसऱ्या बाजूला ओरडतो, त्याशिवाय शाहीर पेटत नाही. आणि हाच माणूस हरिनाम सप्ताहात कीर्तनाला बसला की दोन तास मांडी मोडत नाही, टाळकऱ्यांचा ठेका धरतो आणि बुवा दृष्टान्तावर आले की श्वास धरतो. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांत हे आजही बघायला मिळतं. कुठे तोंड उघडायचं आणि कुठे मिटायचं हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

हीच समज घेऊन आमची माणसं परळला दामोदर नाट्यगृहात बसत. सोशल सर्व्हिस लीगचं १९२२ पासूनचं ते थिएटर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. कोकणातल्या गावमंडळांची किती नाटकं, नमनं आणि बाऱ्या तिथे झाल्या त्याला गणती नाही. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी तिकिटं खपवायची, गिरणीतली पाळी सुटली की थेट थिएटर गाठायचं आणि गावच्या पोराने एंट्री घेतली की शिट्टी मारायची, ही चाकरमान्यांची रीत. व्यावसायिक नाटकालाही ती परकी नाही. आपल्या रायगडाचं नाव घेऊन १९६२ साली रंगभूमीवर आलेलं वसंत कानेटकरांचं ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ घ्या. त्यातल्या संभाजीने, काशिनाथ घाणेकरांनी, लोकांना वेड लावलं. घाणेकरांच्या प्रवेशाला टाळ्या-शिट्ट्या ठरलेल्याच. शिट्टी नाटकाकडे जाते. फोनची रिंग, बक्षिसाची घोषणा, सोफ्याची सरकासरक ही नाटकापासून दूर नेते. प्रेक्षकाचा आवाज मला याच एका कसोटीवर तपासावासा वाटतो.

प्रेक्षकांचं लक्ष ही किती मोठी गोष्ट आहे याचा दाखला महाडला दूर शोधावा लागत नाही. नाटककार आणि नट यशवंत नारायण टिपणीस महाडचे. महाराष्ट्र नाटक मंडळीच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा. संगीत नाटकांचा जमाना जोरात असताना या मंडळीने गद्य नाटकं केली, म्हणजे वन्समोअर मिळवून देणारी पदं नसलेली, निव्वळ बोलण्यावर उभी असलेली नाटकं. त्यांनी १९०७ मध्ये खाडिलकरांचं ‘कीचकवध’ आणलं. कीचक म्हणजे कर्झन, हे प्रत्येकाला कळत होतं. इंग्रज पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या १९१० च्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात या प्रयोगाची हकीगत आली आहे. ती वाचताना मला थक्क करून गेली ती एक गोष्ट. इंग्रजाला धास्ती वाटली ती नुसत्या संवादांची नाही. कीचकाची मुजोरी बघताना बसलेल्या पुरुषांच्या चेहऱ्यांवर काय चढत होतं आणि द्रौपदीचं बोलणं ऐकताना बायकांचे डोळे कसे होत होते, ते त्याला विसरता येत नाही. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. बसून एकाग्रपणे बघणाऱ्या माणसांची एका साम्राज्याला दखल घ्यावी लागली. त्या प्रेक्षकांच्या हातात फोन असता आणि निम्मे जण चित्रीकरण करत असते, तर मला नाही वाटत बंदीची गरज पडली असती.

फोनचं तेवढं बोलतो. वाजणाऱ्या फोनपेक्षा पेटणारा फोन घातक. अंधारात डोळे सरावलेले असतात, तेवढ्यात एका हातात निळसर उजेड फुटला की मागच्या दहा जणांची नजर तिकडे वळते आणि रंगमंचावरून तर फक्त तो एक चेहराच दिसतो. आपल्या भावाचं काम मुंबई-सुरतेच्या नातेवाइकांना दाखवायची हौस मला समजते. त्यासाठी मंडळाने एक कॅमेरा मागे तिकाटण्यावर लावावा आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चित्रीकरण पाठवावं. शंभर हात वर करून शंभर हलती चित्रीकरणं करण्यात कुणाचंच भलं नाही. ज्यांनी केली त्यांनी नाटक बघितलेलं नसतं.

रडणाऱ्या पोरांवरून आयांना कुणी बोलू नये, हे मी हट्टाने सांगतो. वर्षातून एकदा त्या बाईला रात्री घराबाहेर बसून काही बघायला मिळतं. पोर रडलं तर तिने कडेला उभं राहावं एवढं ठीक, पण तिच्या शेजारी बसलेल्या नवऱ्याने, दिराने ते पोर घेऊन दोन फेऱ्या माराव्यात हे जास्त ठीक. तसं करणारे बाप मी पाहिलेत, थोडे असले तरी.

महाडात आंबेडकर स्मारकाच्या सभागृहात किंवा दुसऱ्या कुठल्या हॉलमध्ये मुंबईचं नाटक येतं तेव्हा शेवटच्या प्रवेशात निम्मे लोक चपला शोधायला लागतात, ही तक्रार नटांकडून ऐकायला मिळते. तीही पूर्ण न्यायाची नाही. बिरवाडीला, पोलादपूरला, वरंधकडच्या गावांना परतायचं असतं, शेवटची एसटी निघून गेलेली असते, वडापवाला खोळंबून हॉर्न देत असतो. नाटक वेळेवर सुरू झालं असतं तर हीच माणसं पडदा पडेपर्यंत बसली असती आणि उभं राहून टाळ्या वाजवून गेली असती. मुंबई-गोवा हायवेवर हाडं खिळखिळी करून आलेले नट तिसरी घंटा वेळेवर द्यायला तयार असतात. उशीर बहुतेक वेळा आपण यजमानच करतो.

तेव्हा गावोगावच्या मंडळांना माझी विनंती आहे. यंदा मार्गशीर्षापासून पूजा, जत्रा आणि नाटकांचे दिवस सुरू होतील. सत्कार पूजेच्या वेळी दुपारीच उरका. सोफा मांडायचाच असेल तर कडेला मांडा आणि त्याच्यावर ज्यांना खाली बसवत नाही अशा म्हाताऱ्यांना बसवा. आणि पत्रिका छापायला टाकाल तेव्हा मान्यवरांची नावं जेवढ्या ठळक अक्षरांत छापता तेवढ्याच ठळक अक्षरांत नाटकाची वेळ छापा. त्या वेळेला तिसरी घंटा द्या, साहेब आलेले नसले तरी.