फुली प्रोग्रामची नव्हे, आपली

विंडो बंद करायची तर वर उजव्या कोपऱ्यातली फुली. एमएस-सीआयटी केलेल्या कुणालाही हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. ही सवय लावली विंडोज 95 ने. त्याआधी विंडोजमध्ये डाव्या कोपऱ्यातल्या चौकोनावर डबल क्लिक करावं लागे. मॅकिन्टॉशवर 1984 पासून बंद करायची जागा डावीकडेच आहे. 2001 मध्ये मॅक ओएस एक्स आलं तेव्हा तिथे लाल, पिवळा, हिरवा असे तीन ठिपके आले. कुणी उजवीकडे, कुणी डावीकडे, याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माणूस दोन्हींना सरावतो. मात्र एकाच संगणकावर प्रत्येक प्रोग्रामने आपापली वेगळी बटणं काढावीत, हे मला अजिबात मान्य नाही.

आता तेच चाललंय. एका प्रोग्रामची फुली ठळक, दुसऱ्याची इतकी फिकट की पट्टीत शोधावी लागते. कुठे ती कोपऱ्याला चिकटलेली, कुठे थोडी आत सरकलेली. एका ठिकाणी फुली दाबली की प्रोग्राम खरोखर बंद होतो. दुसऱ्या ठिकाणी तो घड्याळाशेजारी जाऊन बसतो आणि तिथून नोटिफिकेशन पाठवत राहतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्या फुलीवर नेम धरत बसत नाहीत. माऊस सरळ वर उजवीकडे ढकलतात आणि बाण अडला की क्लिक करतात. पद्धत अगदी बरोबर आहे. लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितकं ते लवकर गाठता येतं, हे पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच मांडलं होतं. स्क्रीनच्या कडेला बाण आपोआप थांबतो, त्यामुळे कोपरा हे सगळ्यात सोपं लक्ष्य ठरतं. पूर्ण मोठ्या केलेल्या विंडोची नेहमीची फुली अगदी टोकावर क्लिक केलं तरी लागते. पण एका प्रोग्रामने स्वतःचं बटण काढताना ते छान दिसावं म्हणून भोवती मोकळी जागा सोडली आहे. बाईंचा क्लिक त्या मोकळ्या जागेत पडतो. “अहो, हे बंदच होत नाहीये,” म्हणून त्या मला हाक मारतात, तेव्हा मला त्या प्रोग्रामचा खरंच राग येतो.

दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. प्रोग्राम अडकला, गोठला, तर त्याने स्वतः काढलेली फुलीही त्याच्याबरोबर गोठू शकते. बटण जर ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात असेल, तर प्रोग्राम प्रतिसाद देत नसतानाही बाहेरून त्याला बंद करता येतं. बाहेर पडायचं दार ज्याच्यापासून सुटका हवी त्याच्याच हाती कशाला द्यायचं?

लिनक्सच्या जगात ही बटणं कुठे आणि कुणाच्या हाती असावीत, यावर उघड वाद झाले. उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीने 2010 मध्ये बटणं उजवीकडून डावीकडे नेली. उजवीकडची जागा पुढे नव्या गोष्टींसाठी वापरता येईल, असं उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांचं म्हणणं होतं. लोक नाराज झाले. 2017 मध्ये बटणं पुन्हा उजवीकडे आली. नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या तिसऱ्या आवृत्तीने 2011 मध्ये लहान-मोठी करायची बटणं काढून फक्त फुली ठेवली. पुढे नोमने विंडोची वरची पट्टी रेखाटायचं काम प्रोग्रामकडेच सोपवलं. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवाल्यांनी मात्र ते सिस्टिमकडे ठेवण्याचा आग्रह धरला. मी केडीईच्या बाजूचा.

पट्टीची जागा वाचवण्यामागे कारण आहे, हे मला मान्य आहे. लॅपटॉपच्या बुटक्या स्क्रीनवर उंचीची टंचाई असते. 2008 मध्ये क्रोमने टॅब थेट वरच्या पट्टीत नेले, तेव्हा वाचायला जास्त जागा मिळाली हे खरंच. पण नंतर अनेक प्रोग्रामच्या वरच्या पट्टीत सर्चचा चौकोन, प्रोफाइलचा फोटो, मेन्यू असं सगळं कोंबलं गेलं. विंडो दुसऱ्या स्क्रीनवर ओढून न्यायची तर पकडायला रिकामी जागा सापडत नाही. जागा वाचवावी, पण तीन बटणं आणि पकडायला पुरेशी जागा यांना हात लावू नये. मॅकवर अनेक प्रोग्राम टूलबार वरच्या पट्टीत मिसळतात आणि तरी ते तीन ठिपके सिस्टिमचेच राहतात. म्हणजे हे जमतं.

सगळे प्रोग्राम असं करेपर्यंत थोडी सोय आपल्या हातात आहे. फायरफॉक्समध्ये टूलबार कस्टमाइझ करायच्या पानावर खाली ‘टायटल बार’ असा पर्याय असतो. त्यावर खूण केली की नेहमीची पट्टी परत येते. लिनक्सवर क्रोमच्या सेटिंगमध्येही सिस्टिमची पट्टी वापरण्याचा पर्याय आहे. आणि विंडोजवर फुली सापडतच नसेल तेव्हा ऑल्ट आणि एफ-4. शेजारच्या बाईंना मी हे एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलंय.