सायकलला मोटर लावली म्हणजे व्यायाम बुडाला का?

"डॉक्टर, खरं सांगा, ही लबाडी नाही ना?"

माझ्याकडे बरीच वर्षं मधुमेहासाठी येणाऱ्या एका काकांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांच्या मोबाईलवर एका ई-सायकलचा फोटो होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वय एकोणसाठ, दोन्ही गुडघे दुखरे, दुकान टिळक रस्त्याला आणि घर सहकारनगरात, तळजाईच्या चढावर. सकाळी उतार असतो, त्याचं काही नाही. पण संध्याकाळी दमून परतताना तोच रस्ता छाताडावर येतो. त्या चढापायी त्यांनी साधी सायकल सोडली होती.

मी फोटो पाहिला, हसलो आणि म्हणालो, "अहो काका, मोटरच लावायची तर मग स्कूटर काय वाईट?"

माझं ते वाक्य चुकीचं होतं. काकांनी डॉक्टरांचं ऐकलं आणि स्कूटरच चालवत राहिले. आठ महिन्यांनी आले तेव्हा वजन चार किलोंनी वाढलेलं आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ७.४ वरून ८.३ वर. "गुडघे दुखतात, चालणं होत नाही आणि सायकलला तुम्ही नको म्हणालात," असं ते म्हणाले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आजचा हा लेख. ई-सायकलबद्दल माझं मत का बदललं आणि ती घेणार असाल तर काय सांभाळायचं, ते सांगतो.

मोटर नेमकं काय करते?

ई-सायकली ढोबळमानाने दोन प्रकारे चालतात. पहिला प्रकार पेडल असिस्टचा. यामाहा कंपनीने १९९३ साली जपानमध्ये अशी सायकल बाजारात आणली आणि हा प्रकार रुळला. यात तुम्ही पेडल मारलं तरच मोटर मदत करते. पाय थांबले की मदत थांबते. दुसरा प्रकार थ्रॉटलचा. मूठ पिळली की सायकल पळते, पाय नुसते ठेवलेले. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच सायकलींत दोन्ही सोयी असतात.

आता व्यायामाचा हिशेब पाहू. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे काय, हे ओळखायला यंत्र लागत नाही. श्वास वाढलेला हवा, बोलता यायला हवं, पण गाणं म्हणता येऊ नये. पेडल असिस्टवर नीट पाय मारत गेलात तर बहुतेकांचे श्रम याच पट्ट्यात बसतात. साध्या सायकलपेक्षा मिनिटाला श्रम कमी पडतात, हे खरं. पण युरोपातल्या सात शहरांतल्या लोकांवरचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ई-सायकलवाल्यांची एकूण शारीरिक हालचाल साध्या सायकलवाल्यांइतकीच भरली, कारण ते जास्त लांबचा पल्ला गाठत होते.

थ्रॉटलवर मात्र यातलं काहीच होत नाही. ती बसून केलेली सफर आहे. सिग्नलला सुरुवात करताना किंवा गुडघा अचानक दुखला तर थ्रॉटल जरूर वापरा. रोजचा रस्ता मूठ पिळून काढलात तर मात्र काकांना मी विचारलेला प्रश्न तुम्हालाही लागू आहे.

खरा प्रश्न: ती कशाच्या जागी आली?

मोटर किती मदत करते, यावर आपण वाद घालतो. मला आता दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ई-सायकल आली आणि घरातून काय गेलं?

स्कूटर किंवा रिक्षा गेली असेल तर तुमचा निव्वळ फायदा आहे. शून्य मिनिटांच्या जागी चाळीस मिनिटं आली. रोजचं चालणं गेलं असेल किंवा उत्तम चाललेली साधी सायकल अडगळीत गेली असेल, तर तुम्ही पैसे देऊन व्यायाम कमी केलात. त्यामुळे पस्तिशीतल्या धडधाकट माणसाने सपाट रस्त्यावरच्या तीन किलोमीटरसाठी ई-सायकलबद्दल विचारलं, तर मी साधी सायकल घ्या असंच सांगेन. पण गुडघे, वजन, वय किंवा चढ यांपायी ज्यांचा व्यायाम बंदच पडला आहे, त्यांनी "लबाडी" हा शब्द मनातून काढून टाकावा. चष्मा लावून वाचणाऱ्याला आपण लबाड म्हणतो का?

एक मर्यादाही सांगतो. सायकलवर शरीराचा भार सीटवर असतो. त्यामुळे गुडघ्यांना आराम मिळतो, पण हाडांना मजबुती मिळत नाही. आठवड्यातून दोनदा स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम आणि झेपेल तेवढं चालणं सुरूच ठेवायचं.

बसण्याआधी कोणी विचारायचं?

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर व्यायामाने साखर खाली जाऊ शकते. खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवा. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर "घर जवळच आहे" म्हणू नका. आधी उतरा, मग खा.

अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल तर तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी परवानगी दिल्यावरच सुरुवात करा. काही गोळ्यांमुळे नाडीचा वेग वाढत नाही, म्हणून मनगटावरच्या घड्याळापेक्षा वर सांगितलेली बोलण्याची कसोटी बरी. चढावर छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाटून आलं तर थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. थांबूनही ते कमी होत नसेल तर सरळ रुग्णालय.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना पडून डोक्याला मार लागला, तर बरं वाटत असलं तरी रुग्णालयात जा. आतला रक्तस्राव काही तासांनीही कळतो. आणि हेल्मेट सगळ्यांनाच हवं. ज्यांना चक्कर येते किंवा तोल जातो, त्यांनी आधी त्याचा इलाज करावा.

ई-सायकल बॅटरी-मोटरसह वीस किलो किंवा त्याहून जड असते. ज्येष्ठ मंडळी चालवताना सहसा सावध असतात. घोटाळा होतो तो चढता-उतरताना. म्हणून मधला दांडा खाली असलेली सायकल निवडा. सीटची उंची अशी ठेवा की टाच पेडलवर टेकवून ते अगदी खाली नेलं की पाय सरळ होईल. मग चवडा ठेवल्यावर गुडघ्यात किंचित बाक राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो आणि दोष मात्र सायकलला मिळतो.

पार्किंगमधली सायकल म्हणजे डब्यातली गोळी

काकांनी शेवटी ई-सायकल घेतली. चार-पाच महिन्यांत एचबीएवनसी ७.५ वर आला. गोळ्या आणि जेवणातही बदल केले होते, त्यामुळे सगळं श्रेय सायकलला देणार नाही. पण पावसाळ्यानंतर ते आले तेव्हा आकडा पुन्हा चढलेला. कारण? मागचं चाक पंक्चर झालं. मागच्या चाकातच मोटर, म्हणून कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हात लावेना. बॅटरी तशीच पडून पार उतरली. दोन महिने सायकल कव्हरखाली होती.

म्हणून मी आता सायकलच्या निगेलाही औषधाचाच भाग मानतो. विकत घेण्याआधीच विचारा: चाक कोण काढून देईल, बॅटरीची वॉरंटी किती, नवी बॅटरी केवढ्याला? आठवड्यातून एकदा हवा तपासा. किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. हवा कमी असली की बॅटरी लवकर संपते आणि पंक्चरही वाढतात. सायकल जड, त्यामुळे ब्रेकचे पॅड लवकर झिजतात, ते महिन्यातून एकदा पाहा. पावसात भिजली तर चेन पुसून तेल द्या. पाण्याचा जोरदार फवारा मारून धुऊ नका, ओलं फडकं पुरे.

बॅटरीचं थोडं जास्त सांगतो, कारण तिथे प्रश्न जिवाचा आहे. सायकलसोबत आलेला चार्जरच वापरा. उन्हातून आल्या आल्या लावू नका, बॅटरी थंड होऊ द्या. रात्रभर लावून झोपू नका. जिन्यात किंवा घराच्या दाराशी चार्जिंग करू नका, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. फुगलेली, आपटलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी वापरायची नाही आणि गल्लीत उघडून दुरुस्तही करायची नाही. धूर आला तर विझवत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ ला फोन करा. सायकल बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा आणि महिन्याने एकदा पाहा.

खर्चाचं म्हणाल तर ३६ व्होल्ट, ७.५ अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरायला साधारण एक तृतीयांश युनिट वीज लागते. वीज स्वस्त आहे. महाग आहे ती दुर्लक्षाने लवकर मेलेली बॅटरी.

आणखी एक. आपल्याकडे मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच लायसन्स आणि नोंदणीतून सूट आहे. कोणी "लॉक काढून देतो, चाळीसने पळेल" म्हणालं तर नमस्कार करून निघा. त्या वेगाला ना ते ब्रेक पुरेसे असतात, ना ते हेल्मेट. शिवाय कायद्याने ती सायकल उरत नाही.

माझं मत

रस्ते वाईट आहेत, सायकलींसाठीच्या मार्गांवर गाड्या लावलेल्या असतात, हे मलाही दिसतं. म्हणून सकाळची वेळ, आतले रस्ते, अंगावर उठून दिसणारा रंग आणि मागे लाल दिवा, एवढं तरी आपल्या हातात आहे.

व्यायाम किती कठीण आहे, यापेक्षा तो उद्या पुन्हा होणार आहे का, हे मी आता जास्त विचारतो. काकांचं पंक्चर निघालं आहे. सहकारनगरच्या चढाला ते मदतीची तिसरी पायरी लावायचे, आता दुसरीवर येतात. परवा सांगत होते, "चढावर शेजाऱ्यांशी फोनवर बोललो, पण धाप लागत होती बरं का!"

मी म्हटलं, "काका, धाप लागली ते उत्तम. पण फोन खिशात."